महागाई उतरली, भाव उतरेनात

...नाही, पण तुम्हीच सांगा, मी खोटं बोललो का? 'महागाई निम्म्यावर आली,' एवढंच वाक्य! सरकारी आकडा, छापील, गेल्या महिन्यात आठ टक्के, या महिन्यात चार, रोझारिओत आमच्या वस्तीच्या रेडिओवर दर महिन्याला वाचतो तसाच वाचला, वर हौसेनं म्हणालो, 'मंडळी, सुटलो!' आता यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासात फोन. फेर्मीनचा, आमच्या खाटकाचा. आणि शनिवारी माझ्या लेकीचं, मिलाग्रोसचं लग्न, नव्वद पाहुणे, निखाऱ्यावर भाजायच्या बरगड्या सगळ्या त्याच्याकडेच सांगितलेल्या!

'एवारिस्तो, असशील तसा ये! दुकानात पंचवीस माणसं घुसलीत, निम्म्या भावात मांस मागतायत. तूच सांगितलंस म्हणे! ही हलली नाहीत ना, तर लेकीच्या लग्नात पालेभाजी वाढ!'

पालेभाजी! आमच्याकडे! लग्नात! अहो, व्याही मांडवातूनच परत जातील!

धावत सुटलो. बघतो तर सगळ्यात पुढे सुलेमाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, शेजारीण, काखेत पिशवी. 'हा बघा आला! निम्मे भाव, हाच म्हणाला!'

म्हटलं, 'बाई, भाव नाही उतरले. भाव वाढायचा वेग उतरला.'

'म्हणजे वाढतायतच?'

'वाढतायत... पण हळू.'

'मग मेल्या, सुटलो कशाला म्हणालास?'

झालं! पंचवीस जण एकदम माझ्यावर, फेर्मीनच्या हातात सुरा, आता तो बरगड्याच तोडत होता म्हणा, पण बघत होता माझ्याकडे! आणि यात माझं काय चुकलं?

तेवढ्यात काय सुचलं देव जाणे, विचारलं, 'सुलेमाबाई, तुमची नात गेल्या वर्षी किती वाढली?'

'आठ बोटं! नुसती ताडमाड!'

'आणि यंदा?'

'चारच.'

'मग बुटकी झाली का?'

बाईंनी पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

'बुटकी कशी होईल? पण गेल्या वर्षीचे झगे काही आता तिला यायचे नाहीत.'

'बास! भावाचं तेच!'

त्या गर्रकन वळल्या, जणू हा शोध त्यांचाच! 'ऐकलंत ना? जुने झगे विसरा, चला घरी!' गेले हो सगळे! दारातून मात्र वळून म्हणाल्या, 'नात वाढायची थांबेल कधीतरी. हे कधी थांबणार?' आता याचं उत्तर कुठल्या कागदावर छापून येतं?

फेर्मीननं सुरा पुसला. 'शनिवारी दहाला पोचवतो. सगळ्या बरगड्या.' मी तिथंच स्टुलावर बसलो! लग्न काय झालं म्हणता! व्याही बोटं चाटत होते, मिलाग्रोस हसत होती, सुलेमाबाईंनी तर तीनदा वाढून घेतलं.

सोमवारी मध्यवर्ती बँकेनं व्याजदर कमी केला. कागद समोर. मी हात लावला नाही. व्याजदर उतरला म्हणालो आणि सगळी वस्ती बँकेत घुसली तर? म्हटलं, नुसतं हवामान सांगू, त्यात काय जातंय? ऐन जानेवारी, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, अंगाची लाही लाही, सांगितलं, 'उद्यापासून उकाडा कमी होईल.'

सकाळी दार वाजलं. सुलेमाबाई. लोकरी स्वेटर, गळ्यात मफलर, घामानं निथळतायत.

'कुठाय रे थंडी?'

...आता मी नुसती गाणी लावतो.