ऑर्विलशिवाय अकरा-दोन

— नाही, ते तू खोडून टाक. ‘ऑर्विल स्टूकीशिवाय आमची बस हलत नाही’ असं कोच टॉलिव्हर दरवर्षी समारंभात म्हणतात, पोरं टेबलं बडवतात, ते ठीक. पण मानपत्रात छापायचं म्हणजे — बरं, राहू दे हवं तर. बस त्या टॉवेलांवर, धुतलेले आहेत. चाळीस वर्षं झाली मला या कॉलेजच्या संघाचे कपडे धुताना, बॅटी मोजताना, चेंडूंना माती चोळताना. हो, नव्या चेंडूला माती चोळावी लागते, नाहीतर हातातून सटकतो. तू बेसबॉल पाहिलायस ना कधी? — नाही? आणि माझं मानपत्र तू लिहिणार. छान.

बस हलते गं. म्हणजे — एकदा हलली होती. आयोवाला सामन्याला चाललो होतो, वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो. मी उतरलो सूर्यफुलाच्या बिया घ्यायला. पोरांना सामनाभर त्या चघळायला न् थुंकायला लागतात, त्याशिवाय त्यांना चेंडू दिसत नाही. चार पाकिटं खारी, दोन लोणच्याच्या चवीची. बाहेर येतो तर बस नाही. म्हटलं, वळवून लावत असतील. पाऊण तास मी हेच म्हणत होतो. फोन? फोन बसमध्ये, माझ्या सीटवर. शेवटी एका डुकरांच्या ट्रकवाल्याने घेतलं — मागे चाळीस डुकरं, पुढे तो, मी आणि त्याची कुत्री. खिडकी कुत्रीची. आणि मी आपला जीव टांगणीला लावून बसलोय, बिचारी पोरं हवालदिल झाली असतील, कोचनी सामना थांबवून धरला असेल, पोलिसांना कळवलं असेल. पोचलो तेव्हा आठवा डाव चालू होता. आपण अकरा, ते दोन. मी पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला उभा. व्हर्मीर म्हणून एक पोरगा होता, त्याने मैदानावरची नजरसुद्धा काढली नाही, नुसता हात पुढे केला. म्हणाला, “ऑर्विल, लोणच्याचं आहे का?” एवढंच. कुणाला पत्ताच नव्हता. कोचनी नाक वर करून विचारलं, “कसला वास येतोय रे?”

हसू नकोस. — हस, हस, मीही हसलो असतो, पण तेव्हा नाही आलं हसू. आता विचार कर, बियांवाचून सामना होतो, टॉवेलांवाचून होतो. कॅचरच्या मुखवट्यावाचून होत नाही. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो, चेंडू सरळ तोंडावर येतो, लोखंडी जाळी नसली तर दात घशात. तेव्हा मी काय केलं — हे लिहायचं नाही हां — दोन्ही मुखवटे, रोजचा आणि जादाचा, सामना सुरू होईपर्यंत माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. पंपावर उतरलो तरी पिशवी खांद्याला. संडासात गेलो तरी. पोरांना वाटायचं, म्हातारा सामान जिवापाड जपतो. कोचनी एकदा सगळ्यांपुढे कौतुक केलं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सतरा वर्षं.

मग गेल्या एप्रिलात, शनिवारी सकाळी, इर्मा — माझी बायको — स्वयंपाकघरात पडली. हृदयाचं. आता घरी आहे, बरी आहे, मीठ बंद आहे म्हणून माझंही बंद आहे. पण त्या दिवशी तिला घेऊन इस्पितळात धावलो आणि पिशवी खांद्यालाच राहिली. दुपारी एकला आपल्याच मैदानावर सामना, आणि दोन्ही मुखवटे तिथे बाकावर माझ्या मांडीवर. कोचचा फोन आला. मी म्हटलं, “इर्मा आत आहे. मुखवटे माझ्याजवळ आहेत. मुद्दाम ठेवतो.” मग सगळंच बाहेर पडलं, डुकरांसकट. तिकडून फोन बंद झाला. म्हटलं, आटोपलं आपलं. वीस मिनिटांनी बघतो तर दारात कोच, सामन्याच्या कपड्यांत. नर्स म्हणाली, खिळ्यांचे बूट इथे चालायचे नाहीत. ते काढून मोज्यांवर आत आले. मी पिशवी पुढे केली. म्हणाले, “ठेव ती खाली. पाहुण्या संघाने त्यांचा मुखवटा उसना दिलाय. सरक जरा.” आणि बसले. डॉक्टर बाहेर येऊन इर्मा वाचली म्हणेपर्यंत तिथेच बसले.

सामना? सहायकाने चालवला. पाचच्या सुमाराला कोचनी फोन करून विचारलं, ऐकलं, खिशात ठेवला. म्हणाले, “जिंकले. नऊ-एक.” मी म्हटलं, “वा.” तेही म्हणाले, “वा.” मग मोज्यातला अंगठा हलवत बसले. म्हणाले, “मला वाटलं होतं, एकदा तरी फोन करतील. काय करायचं विचारायला.” बिया होत्या पिशवीत, त्या पुढे केल्या. दोघांनी मिळून अख्खं पाकीट संप—

— या, कोच. नाही, काही नाही, हिला माती कशी चोळतात ते सांगत होतो. झालं आमचं. ऊठ गं, त्यांना टॉवेल हवाय. दार ओढून घे जाताना.