रंगाची बाजू आत

माझा जन्म सावरगावचा. जाम नदीच्या एका काठाला आम्ही, समोरच्या काठाला पांढुर्णा. वडिलांची कापसाची शेती होती, संत्र्याची थोडी झाडं होती. भाऊ शेतीत राहिला, मी जंगल खात्यात नाकेदार झालो. नाकेदार म्हणजे वनरक्षक, जंगलात पायी फिरणारा. सगळी नोकरी सौंसरच्या बाजूच्या जंगलात गेली आणि आता सौंसरलाच मुलाच्या घरी राहतो. घर मीच बांधलं, पण म्हातारपणी घराला मुलाचं म्हणावं. त्यात शांतता असते.

तुम्ही त्या भुताच्या सिनेमाबद्दल विचारायला आलात. सांगतो. पण सुमनबद्दल सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही.

सुमन माझी बायको. मोहगावची. काय सांगू तुम्हाला, फार भित्री बाई होती. जंगलातल्या चौकीवर आमचं बिऱ्हाड होतं, आणि दिवस मावळला की दोरीवरचे कपडे काढायलासुद्धा ती अंगणात एकटी जात नसे. मला म्हणायची, आयकलं का, तुमी निस्ते दारात उभे राहा, बोलू नका, निस्ते उभे राहा. मी चिडायचो. नाकेदाराची बायको अन् अंधाराले भेते, असं म्हणायचो. ती म्हणायची, नाकेदार तुमी हाय, मी नाई. मग मी दारात उभा राहायचो.

चैत्रात मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि बाया उजाडता उजाडता टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला की ढोरं खाऊन टाकतात, आणि अस्वलालाही मोह आवडतो, हे प्रत्येकीला माहीत असतं आणि तरी सगळ्याच जातात, कारण मोह काही रोज गळत नाही. सुमन शेजारच्या गिरजाबाईसोबत गेली. विजय, आमचा मुलगा, पाळण्यात झोपला होता. मी जंगलाच्या दुसऱ्या अंगाला गस्तीवर होतो. झुडपाच्या एका बाजूला अस्वल खाली मान घालून फुलं खात होतं, दुसऱ्या बाजूला या दोघी खाली मान घालून वेचत होत्या, कोणालाच कोणी दिसलं नाही. गिरजाबाई वाचली. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल बोलत नाही.

आमच्याकडे रीत आहे. जंगलात जनावरानं माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवतो. शेंदूर नाही, नारळ नाही, नवस नाही. दगड उचलायचा, ठेवायचा, पुढे चालायचं. मेलेल्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. पहिला दगड गिरजाबाईनं ठेवला. मग बाजाराला जाणारे ठेवू लागले, तेंदूपत्ता तोडणारे मजूर ठेवू लागले, जीपवाले गाडी थांबवून, खाली उतरून ठेवू लागले, आणि असं होता होता रास माझ्या कमरेला लागली. मी सोमवारी जायचो. दगड ठेवायचो आणि थोडा वेळ उभा राहायचो. बोलत नसे. निस्ता उभा राहायचो.

मग सिनेमावाले आले. शापित जंगल, त्यात एक भूत, असा काही सिनेमा होता. विजयची जीप त्यांनी भाड्यानं घेतली आणि जंगलातल्या जागा त्यानंच त्यांना दाखवल्या. रास पाहून ते थांबले. ये क्या है, विचारलं. विजयनं रीत सांगितली. माझ्या आईची जागा आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, बहुत बढ़िया. हे सगळं विजय घरी येऊन आनंदानं सांगून राहिला होता. म्हणाला, बाबा, आपली जागा पिक्चरमध्ये येऊन राहिली अन् मलेही डायलॉग देल्ला. मी विचारलं, कोणता डायलॉग. तो म्हणाला, थो आता नाई सांगत, टॉकीजमध्येच पाहा. त्याला आई आठवत नाही. ज्याला आठवतच नाही, त्याच्यावर काय रागवायचं.

शूटिंग संपवून ते गेले, तेव्हा मी जाऊन पाहिलं. मोहाला काळे दोरे आणि कापडाच्या बाहुल्या लटकलेल्या, आणि राशीचे वरचे दगड लाल रंगवलेले. मी घरून फडका आणि पाण्याची कॅन घेऊन गेलो. रंग निघाला नाही, ऑइल पेंट होता. मग एकेक दगड उचलून उलटा ठेवला. रंगाची बाजू आत, साधी बाजू बाहेर. त्यात दिवस गेला.

सिनेमा पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये लागला तेव्हा सगळे गेलो, विजय, सून अर्चना, तिच्या मांडीवर नातू, आणि मी. पडद्यावर पांढऱ्या लुगड्यातली, केस मोकळे सोडलेली बाई राशीमागून उठायची आणि लोक किंचाळायचे. मग विजय आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. शहरातून आलेल्या पोरांना तो सांगतो, उस ढेर पर पत्थर मत रखना साहब, जो रखता है, उसके पीछे-पीछे घर आती है. शिट्ट्या पडल्या. मागून एक पोट्टा ओरडला, अबे हा तं आपला जीपवाला विजू होय बे, भाडं मांग त्या भुताले. सगळे हसले. विजयही हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

एका वाक्यानं रीत उलटी झाली. मला वाटलं होतं, सिनेमा आहे, लोक विसरतील. लोक सिनेमा विसरले, वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं. बाजाराला जाणारे आता रस्त्याच्या पलीकडून जातात. मोहाच्या दिवसांत बाया ते झाड टाळतात, खालची फुलं तशीच कुजतात. गावोगावची पोट्टी मोटरसायकलवर येतात, हॉर्न वाजवतात, मोबाईल धरून ओरडतात आणि पळतात. मी गिरजाबाईला विचारलं, तूसुद्धा? ती रडली. म्हणाली, नाकेदार भाऊ, मले मालूम हाय, थे आपली सुमन होती. पण घरात लेकरं हायेत भाऊ, सुना आयकत नाईत.

मग नातवाला ताप आला. आदल्या दिवशी सोमवार होता, मी तिकडून येऊन त्याला उचललं होतं. ताप उतरल्यावर अर्चना डोक्यावर पदर घेऊन समोर आली. म्हणाली, मामाजी, राग नका मानू, तिकडून आले का पोराले हात नका लावू. मी विजयकडे पाहिलं. तो तिला म्हणाला, अगं, थो निस्ता डायलॉग होता. ती म्हणाली, मंग तुमी जा अन् ठेवून या दगड. माय तं तुमचीच हाय ना.

तो उठला नाही. चप्पल पायात घातली होती, ती काढली.

तेव्हापासून सोमवारी मी आलो की बाहेरच्या नळाजवळ बादली भरलेली असते, पाण्यात कडुनिंबाचा पाला असतो. मी पाय धुतो. नातू दारातून हात पसरतो, आबा आबा करतो. मी त्याला दुसऱ्या दिवशी घेतो. अर्चना वाईट नाही. ती आई आहे. सुमन असती तर तिनंही हेच केलं असतं, हे मला माहीत आहे. भुताला तिच्याइतकं कोणी भीत नसे. आता तिलाच लोक भितात.

माझे गुडघे गेले आहेत. किती सोमवार जमेल, सांगता येत नाही. माझ्यानंतर तिथे दगड ठेवणारं कोणी नाही. रास वाढली नाही तर पाऊसपाण्यात दगड सरकतात, साग पानं गाळतो, मग तिथे काय होतं ते कळत नाही. जंगल असंच असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

उद्या तुम्ही ते जंगल पाहायला जाणार म्हणता. जा. चढण संपली की डाव्या हाताला मोहाचं झाड आहे. दगड ठेवावासा वाटला तर ठेवा, काही होत नाही, मी इतकी वर्षं ठेवून राहिलो. तुमच्याही घरी लेकरं असतील, नाही ठेवला तरी मला वाईट वाटणार नाही. फक्त तिथे हॉर्न वाजवू नका. जमलं तर गाडी बंद करा आणि थोडा वेळ उभे राहा. बोलायची गरज नाही.

सुखरूप जा.