सहलीचं गाव

चंदाबाई : थांबा, थांबा. बोटीतून उतरल्या, बराबर? आता डाव्या हाताला पाण्याची तोटी पाहिजे. दगडाची. रात अन् दिवस वाहणारी.

जाई : आहे.

चंदाबाई : हाय?

जाई : आहे, चंदाताई. दगडाचं अस्वल आहे, त्याच्या तोंडातून पाणी पडतं. मी ओंजळीनं प्यायले. दात शिवशिवले.

चंदाबाई : अन् कोणी वरडलं न्हाई? नंबर लावा, हंडा मागं घ्या?

जाई : कोणी नव्हतंच. मी एकटी. पाणी वाहत वाहत तळ्यात जात होतं.

चंदाबाई : ऐकलं का, बापू? गुरुजी सांगायचे तशीच तोटी.

हरिचंद : ऐकून राहिलो. डोळे गेले माझे, कान न्हाई गेले.

चंदाबाई : तोटीच्या पुढं घड्याळाचा मनोरा. त्याच्या बुडाशी पावाचं दुकान. मंग पाण्याच्या कडंनं बाकडी. सतरा.

जाई : सतरा? मी मोजली नाहीत.

चंदाबाई : घ्या! एवढ्या लांब गेल्या अन् बाकडी न्हाई मोजली. गुरुजींच्या पुस्तकातल्या चित्रात सतरा हायेत. लेकरांनी मोजलेली.

जाई : मला वाटलं होतं मी तुम्हाला गाव दाखवायला आले. तुम्हीच मला दाखवताय.

चंदाबाई : बारा वर्सं झाली जाऊन राहिलो ना आमी. आधी माझ्या विकासला घेऊन जायची, मंग खिचडी शिजवायला लागले शाळेत, तवापासून दर साली.

जाई : बाबा नेमकं काय करायचे? मला लिहिलेल्या पत्रात एकच ओळ असायची. ‘या वर्षीही सहल निर्विघ्न पार पडली.’

चंदाबाई : तुमाला म्हाईतच न्हाई? अवो, खो-खोचा चुना घ्यायचे अन् अख्ख्या पटांगणात तळं आखायचे. हे एवढं. पुस्तक हातात, चित्रात बघून बघून. इथं धक्का, इथं मनोरा. सकाळी शाळेच्या दारात तिकीट. लिंबाचं एक पान. ज्यानं पान हरवलं, तो बोटीच्या खाली.

जाई : आणि बोट?

चंदाबाई : कासरा. कासऱ्याचं कडं, त्याच्या आत लेकरं, म्होरं गुरुजी. सावकाश चालायचं, पाणी हाय ना. एकदा आमची शितल पळाली तर म्हणाले, बुडाली! तिला वर काढून, धोतरानं डोकं पुसून, मंग निघाली बोट.

हरिचंद : कोरड्या डोक्याचं पोरगं पुसायचा. मास्तर लोकाला काम नसतं.

चंदाबाई : तुमी ओट्यावरून समदं बघायचे, बापू. तवा दिसत व्हतं तुमाला.

हरिचंद : डोळ्यापुढं तमाशा चालला तर कुठं बघू? नाव न्हाई गाव न्हाई. इचारलं मी त्याला, मास्तर, गावाचं नाव काय? म्हणला, नावाचं पान फाटलंय.

जाई : खरंच फाटलंय, आजोबा. हिंगोलीला रद्दीच्या दुकानात मिळालं ते पुस्तक. वरचं पान नव्हतं. तिथं जाणाऱ्या पाहुण्यांनी काय बघावं, काय करावं, एवढंच आत छापलंय. मी पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना चित्र दाखवत फिरले, तेव्हा एकानं डोंगर ओळखला. गाव कोणी ओळखलं नाही, ते मी डोंगरावरून शोधलं.

चंदाबाई : डोंगर! तळ्यात उलटा दिसतो ना तो?

जाई : बर्फासकट. मी पहिल्या सकाळी काठावर उभी राहिले, तर वर आणि खाली एकच. कुठला धरून ठेवायचा ते कळेना. मग बोट निघाली. पाण्यातला डोंगर मोडला, त्याच्या पट्ट्या पट्ट्या झाल्या. बोट पुढे गेली आणि मागे बघते तर तो पुन्हा जुळून आलेला. जसा होता तसा. मी बोटीत उलटी बसून राहिले, मागे बघत.

चंदाबाई : माय गं.

जाई : आवाज नाही, चंदाताई. एवढं पाणी, एवढी माणसं, आणि आवाज नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर आपण कुणाच्या देवघरात ओरडणार आहोत असं वाटलं.

चंदाबाई : दाताळ्या रुळाची गाडी?

जाई : तीही आहे. रुळाच्या मधोमध दाते, चाकाला दाते. एकेक दात धरत चढते.

चंदाबाई : कट, कट, कट. शाळेच्या पायऱ्या चढताना लेकरं तोंडानं करायची. म्होरच्याचा सदरा धरून. पायऱ्या संपल्या की मागच्या माळावर. अन् दुधाची ढेप?

जाई : बघितली. चीज म्हणतात तिला. बैलगाडीच्या चाकाएवढी. एकटा माणूस ती उचलून फळीवर ठेवत होता, रोज पुसत होता, मूल पुसावं तशी.

चंदाबाई : समदं खरं हाय. एक बी खोटं न्हाई.

हरिचंद : गुरांचं इचार.

चंदाबाई : बापू, आज नको.

हरिचंद : काहून नको? मास्तरची पोरगी पुण्याहून बसनं, मंग गोरेगावहून जीपमधी अंग मोडून घेत इथवर आली, ते तोटीचं सांगायला न्हाई आली. इचार. न्हाई तर मी इचारतो.

जाई : विचारा, आजोबा. मी त्यासाठीच आले.

हरिचंद : तुझ्या बापानं माझ्या नातवंडांला सांगितलं की तिकडं गुरं डोंगरावरून खाली उतरतात तवा त्यांच्या शिंगाला फुलं अन् गळ्यात घंटा. अन् मोटारी थांबतात. साहेबलोक उतरून बाजूला व्हतात. गुरांला वाट देतात.

जाई : हो. पुस्तकात एक ओळ आहे.

हरिचंद : वळ! वळी लई बघितल्या मी. वळ दाखवून माझ्या आज्याची जमीन गेली. छापलं म्हंजे खरं व्हय?

चंदाबाई : तवा बी असंच बोलले तुमी. समद्या तांड्याम्होरं. झूट बोलतो मास्तर, म्हणले.

हरिचंद : म्हणलो. काहून म्हणलो ते बी सांग तिला.

चंदाबाई : सांगा तुमीच.

हरिचंद : पोरी, आमी गुराखी न्हाई. आमी लदान चालवणारे. बैलावर मीठ, बैलावर धान. निजामाच्या राज्यात माझ्या आज्याकडं शेवटची वीस जनावरं राह्यली. मी सात-आठ वर्साचा, त्यांच्या मागं चाललेला. म्होरक्या बैलाच्या शिंगाला लाल कापड, कवड्या, आरशे, गळ्यात घंटा. गावात शिरलो की लोक वाट सोडायचे. पाटील बी. मंग रेल आली, ट्रक आले, समदं गेलं. आमी शेतावर आलो. ते मी तुझ्या बापाला सांगितलं व्हतं. माझ्या ओट्यावर बसून, चहा पिऊन ऐकलं त्यानं. अन् चार महिन्यांनी तेच उचलून गोऱ्या लोकांच्या गावात नेऊन ठिवलं! मला वाटलं, आमच्याजवळ एवढंच व्हतं, ते बी नेलं.

जाई : म्हणून त्यांनी तुमच्याकडे येणं सोडलं.

हरिचंद : त्यानं न्हाई सोडलं. मी बोलणं सोडलं. सहा वर्सं. तो ओट्याखालून जायचा, रामराम घालायचा. मी तोंड फिरवायचो.

चंदाबाई : गुरुजी मला म्हणायचे, माझी जाई एक दिवस तिथं जाईल, डोळ्यानं बघून येईल, मंग हरिचंदभाऊ चहा पाजतील.

जाई : ऑफिसनं मला जुलैत त्या देशात पाठवलं. गुरं उतरतात पावसाळा संपल्यावर. ती मिरवणूक मी बघितली नाही, आजोबा. तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

हरिचंद : हं.

जाई : पण गुरं वर डोंगरावर चरायला असतात असं कळलं. म्हणून त्या गावातल्या शेवटच्या दिवशी दात्यांच्या गाडीनं वर गेले. वर पोचले तर धुकं. माझा हात मला दिसेना. त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, गुरं दिसली का? मी म्हटलं, धुकं होतं हो बाबा, काही दिसलं नाही, फेरी फुकट गेली. मग फोनचं कार्ड संपलं.

चंदाबाई : अगं बाई. म्हंजे गुरुजी म्हणत व्हते तो फोन तुमचा.

जाई : कोणता?

चंदाबाई : सांगा ना, बापू. सांगून टाका आता.

हरिचंद : आला व्हता तो. मरायच्या चार दिवस आधी. ओट्याजवळ उभा राह्यला. मला दिसत न्हाई, पर खोकला वळखला. म्हणला, हरिचंदभाऊ, पोरगी डोंगरावर जाऊन आली. तिला काही दिसलं न्हाई. तुमी म्हणले ते बराबर असंल. माझं चुकलं.

जाई : असं म्हणाले?

हरिचंद : हात जोडले म्हणं. चंदानं बघितलं.

चंदाबाई : जोडले.

हरिचंद : मी बस म्हणलो न्हाई. जिंकलो ना मी. तो गेला पायी पायी. अन् मंग एकदम ती खबर. तवापासून भाकरीला चव न्हाई, पोरी. दोन महिने झाले.

जाई : पुढे चार-पाच दिवस दुसऱ्या शहरात काम होतं; विमानातून उतरले आणि गंगूआत्याचा फोन आला, बाबा गेले. आजोबा, मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. दिसलं काही नाही हे खरं. पण ऐकलं होतं.

हरिचंद : काय ऐकलं?

जाई : घंटा. मी धुक्यात उभी होते, पाय टाकायची भीती वाटत होती. आणि चहूकडून घंटा सुरू झाल्या. खालून, वरून, अगदी कानाशी. शंभर असतील, दोनशे असतील. जनावर एक दिसेना. जणू धुकंच वाजत होतं. मला रडू आलं, का ते कळलं नाही. ते मी फोनवर बोलले नाही. मुद्दाम राखून ठेवलं. बाबांच्या समोर बसून सांगायचं, त्यांचा चेहरा बघायचा, म्हणून.

चंदाबाई : जाईताई, पाणी घ्या.

जाई : नको. ठीक आहे.

हरिचंद : समद्या एकसारख्या वाजल्या?

जाई : काय?

हरिचंद : घंटा. समद्यांचा आवाज एक व्हता का?

जाई : नाही. बारीक बारीक खूप होत्या. पण एक वेगळी होती. जड. घागरीत बोलावं तशी. ती थोडी वाजायची, थांबायची. आणि ती ज्या बाजूला वाजायची, त्या बाजूला बाकीच्या सगळ्या सरकायच्या. मला तेव्हा वाटलं, भास असेल.

हरिचंद : पुन्हा सांग.

जाई : जड घंटा पुढे सरकली की बाकीच्या तिच्या मागे.

हरिचंद : हे तुझ्या बापानं सांगितलं तुला?

जाई : नाही. त्यांना कुठून माहीत असणार? पुस्तकात नाही.

हरिचंद : न्हाई. त्याला न्हाई म्हाईत. मी त्याला कापड सांगितलं, कवड्या सांगितल्या. आवाजाचं न्हाई सांगितलं. ते कोणालाच न्हाई सांगितलं, कोणी इचारलंच न्हाई. चंदा, तुला तरी सांगितलं का?

चंदाबाई : न्हाई, बापू.

हरिचंद : म्होरक्याची घंटा जड असती. आतला लोळ लाकडाचा. अंधारात, धुळीत, जनावराला म्होरलं जनावर दिसत न्हाई, आवाज दिसतो. जे बैलामागं चालले त्यांलाच हे म्हाईत. म्हंजे तिकडं बी चालतात कोणी.

चंदाबाई : तिकडं बी तांडा हाय, बापू?

हरिचंद : असंल. आपल्यासारखंच कोणी असंल. झूट न्हाई बोलला मास्तर. आरं, झूट न्हाई बोलला तो. बर्फाच्या गावात बी जनावराला वाट देतात.

जाई : आजोबा, एक वस्तू आणली होती. दुधाची ढेप पुसणाऱ्या माणसाची आई होती तिथं, तिला मी खुणांनी विचारलं तर तिनं घरातून काढून दिली. बाबांसाठी होती. आता तुम्ही घ्या.

(जाई पिशवीतून कापडात गुंडाळलेली जुनी घंटा काढून हरिचंदच्या तळहातावर ठेवते.)

चंदाबाई : केवढीशी हाय.

हरिचंद : गप. बघू दे. कड झिजली हिची. एकाच अंगानं झिजली. गळ्यात व्हती ही, दुकानातली न्हाई. अन् बारीक हाय. म्होरक्याची न्हाई ही.

जाई : मग कुणाची?

हरिचंद : मागल्याची. समद्यात शेवटी चालतं त्या जनावराची. आमच्यात बी असायची. माझा आजा म्होरं चालायचा, मागं वळून बघायचा न्हाई. ही ऐकू येत राहिली की समजायचा, कोणी मागं राह्यलं न्हाई, समदे येऊन राहिले. मंग बेफिकीर चालायचा. ही थांबली की तो बी थांबायचा, वाटंत, जिथं असंल तिथं.

जाई : थांबायचा?

हरिचंद : हलायचाच न्हाई. ही घे. मला नको. तुझ्याजवळ राहू दे.

जाई : मी काय करू हिचं?

हरिचंद : म्होरं कोण गेलं, ते मी सांगायला पाहिजे का आता? चंदा, चहा ठिव. चार कप. एक ओट्याच्या कडंला ठिव, मास्तरच्या जागी. हं, वाजव, पोरी.

जाई : अशी?

चंदाबाई : माय, केवढा गोड आवाज.

हरिचंद : अजून जरा जोरात. मास्तर लई भरभर चालायचा.