फोनमधल्या संत्र्यांना ताण

"हॅलो? … बोल."

रागिणीचा हा 'बोल' ऐकून शहाण्या माणसानं फोन ठेवून द्यावा. पण पलीकडे वरूडची प्रणाली होती, आणि प्रणालीला आवाजातला खडा कधी लागलाच नाही.

"हाव, मीच आहे. माह्या फोनवर दुसरं कोन बोलन? … झाला चहा. … तुहा झाला? … बरं, ते राहू दे. आज काय अडलं? गाय दूध देत नाही? … पुलाच्या फळ्या कमी पडल्या? … मंग कोंबड्या पळाल्या असतीन. … तेबी नाही?"

पौषातली दुपार कलली होती. अमरावतीच्या साईनगरात, घराच्या पुढच्या पोर्चमध्ये रागिणी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फोन कान आणि खांद्याच्या मधात, मांडीवर शेंगांची टोपली, पुढ्यात भगोणं, आणि भगोण्याला टेकवून मुलाचा जुना टॅब. टॅबवर 'सुनहरा खेत' उघडा होता.

'सुनहरा खेत' म्हणजे शेतीचा गेम. पेरा, कापा, गाई पाळा, संत्री तोडा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडल्या पडल्या रागिणी तो शिकली, कोणाला काही न विचारता. मग तिनं मैत्रिणींना आत ओढलं, कारण एक मैत्रीण आणली की बियाण्याचं एक पोतं फुकट. होस्टेलात एका खोलीत राहिलेल्या चौघींची गेममध्ये टोळी झाली, मुखिया रागिणी. पोती केव्हाच पेरून संपली, मैत्रिणी उरल्या. मूर्तिजापूरच्या मायाला, पेरलेलं कापायचंही असतं, हे दर वेळी नव्यानं सांगावं लागे. अकोल्याची मंजुषा तर खेळतच नसे. पासवर्ड देऊन मोकळी झाली होती, आणि सासूला दवाखान्यात नेताना निरोप ठेवायची की माझ्या म्हशी तेवढ्या धुऊन ठेव. पण या दोघी परवडल्या. प्रणाली पावलापावलाला फोन करी. अंड्यांची टोपली डाव्या कोठीत ठेवू का उजव्या, एवढं विचारायला तिनं रागिणीला अंगाला साबण लागलेला असताना न्हाणीतून बाहेर काढलं होतं.

"मंग फोन कायले केला वं? … असाच? … असाच फोन तू करत नाही. तू असाच फोन केल्याचं मले आठवत नाही."

आज मात्र रागिणीनं ठरवलं होतं. संक्रांतीची म्हणून गेममध्ये जत्रा लागली होती आणि ती पाच वाजता उठणार होती. टोळीतल्या चौघींच्या चार गाड्या, संत्र्यांनी भरून, जत्रेत पोचायला हव्या. तीन पोचल्या होत्या. त्यातल्या मायाच्या आणि मंजुषाच्याही रागिणीनंच भरल्या होत्या. प्रणालीची गाडी नव्हती. पहिल्या आलेल्या टोळीच्या मुखियाच्या शेतावर सोनेरी पाटी लागणार होती, नावाची. साईनगरातल्या घराच्या फाटकावर सासऱ्यांचं नाव होतं, खाली नवऱ्याचं, आणि त्याखाली मुलासाठी जागा सोडलेली. रागिणीला ती सोनेरी पाटी हवी होती. हसा खुशाल, पण हवी होती.

आणि रस्ताही निघाला होता. कोणी अनोळखी, पट्टीचा खेळणारा, भरलेली गाडी घेऊन टोळीत यायला तयार होता. जागा चारच. प्रणालीच्या नावापुढं लाल अक्षरात 'निकालें' असं बटण होतं. रागिणीचा अंगठा त्या बटणाशी गेला आणि फोन वाजला. मन अजून तिथंच होतं.

"प्रणाली, तुही संत्र्याची गाडी कुठी आहे? … हळदीकुंकवाचं मागून पाहू. गाडी. … रिकामी? … काहून रिकामी? तुह्या झाडाईले मीनं स्वतः खत टाकून देल्लं होतं. फळं कुठी गेली? … धरलीच नाहीत? … काय केलं? … थांब. पुन्हा सांग. … पानी तोडलं?"

शेंग रागिणीच्या हातात तशीच राहिली.

"ताण देल्ला?"

वरूडच्या पोरालाही ताण माहीत असतो. पौषात संत्र्याचं पाणी बंद करायचं. झाड पिवळं पडतं, पानं मुडपतात, काही गळतात, नवख्याला वाटतं बाग गेली. मग नेमका दिवस धरून हलकं पाणी सोडायचं. मेलो मेलो म्हणणारं झाड पांढऱ्या फुलांनी लदबदून जातं. दिवस चुकला तर ना फूल ना फळ. प्रणालीच्या सासऱ्यांच्या, महादेवरावांच्या बागेत, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. पण ती बाग जमिनीवर होती.

"अवं बाई, ते झाड काचेवरचं आहे. त्याले मुळं नाहीत. त्याच्याखाली काळी माती नाही, बॅटरी आहे. … पिवळं होईनच ना, पानी नाही देल्लं त पिवळं दाखोते, मंग वाळते, मंग तिथं एक कुऱ्हाड येते आणि झाड जाते. एवढंच लिहिलं आहे त्याच्यात. … फूल कुठून येईन? ज्यानं हा गेम बनवला त्यानं संत्र्याचं झाड पाह्यलं तरी असंन का? … कोनी सांगितलं तुले हे? महादेव मामाजीनं? … नितेश भाऊजीनं? … कोनीच नाही? … तुह्या मनानं?"

रागिणी हसली. हसणं बरं नव्हतं ते.

"वा. अंड्याच्या टोपलीसाठी मले ओल्या अंगानं बोलावते, आणि अख्खी बाग वाळवताना एक फोन नाही. अक्कल गहाण ठेवली त ठेवली, तेबी माह्याकडं. मंग सोडवून नेली त सांगून तरी न्यायची. … रडून राह्यली का? … नाही ना? मंग ठीक. … ऐक, अजून वेळ आहे. मीच जाते तुह्या खात्यात. पानी सोडते, पटकन पिकायचं औषध मारते, पाचाच्या आत गाडी भरते. तू फक्त बसून राह्य, तुले जमते ते."

एका हातानं तिनं प्रणालीचा पासवर्ड टाकला. तिला चौघींचे तोंडपाठ होते. टॅबनं नाही म्हटलं. पुन्हा टाकला. पुन्हा नाही.

"पासवर्ड बदलला तुनं? … कवा? … बदलता येते तुले?"

मग ती शेजारीण म्हणून निघाली. गेममध्ये कोणाच्याही शेतात पाहुणं गेलं की आपोआप त्याच्या झाडांवर पाण्याचा शिडकावा होतो, चांगुलपणा म्हणून. प्रणालीच्या शेताशी आली तर फाटकाला कुलूप.

"फाटक लावलं? … मायासाठी? … मंजुषा त येतच नाही कोनाकडं. … माह्यासाठी? … म्हंजे मी येऊन पानी टाकीन म्हनून मले भाईर ठेवलं?"

पलीकडून लांबलचक सुरू झालं. रागिणीनं 'ऐक ना' म्हणून पाहिलं, 'हो गं बाई' म्हणून पाहिलं, काही चाललं नाही. शेवटी ती शेंगा सोलत ऐकत राहिली. प्रणाली सांगत होती ते महादेवरावांच्या बागेतल्या पहिल्या पाण्याचं. त्या सकाळी सासरे झाडाझाडाशी थांबतात, पान मुठीत चुरडतात, कानाशी नेतात आणि हं म्हणतात. नवरा, नितेश, व्हॉल्व्ह खोलतो. नारळ फुटतो. प्रणाली लग्न करून आली तेव्हापासून त्या सकाळी चहा घेऊन जाते, आणि परत येताना कप आणि करवंट्या उचलून आणते. मागे उभी राहून तीही पानं चुरडते. मागल्या पौषात तिला वाटलं, दिवस टळून चालला. तसं ती एकदाच बोलली.

"हं. … मंग? … हसले? … कोन हसलं? … भाऊजीबी? … काय म्हनले? … 'चहा थंडा होऊन राह्यला'?"

शेंगा सोलणं थांबलं होतं हे रागिणीच्या लक्षात आलं नाही. प्रणालीचं त्या दिवशी बरोबर होतं का चूक, कोणाला ठाऊक. झाडांनाच विचारायला हवं. पण तो थंड चहा रागिणीला चांगला कळला. म्हणूनच ती जास्त कडू बोलली.

"म्हनून फोनमधल्या झाडांवर हौस भागवली. … नाही, मी हसून नाही राह्यली. मले रडू येऊन राह्यलं, माह्या जत्रेचं. … हाव, सोनेरी पाटी. तुले काय करायचं पाटीचं? … माह्या झाडांले काय झालं? चांगली आहेत माही झाडं. बारोमास लागतात. … त? बारोमास लागतात हे काय वाईट आहे का? … कशासारखी?"

ती टॅबकडे पाहू लागली. तिची बाग हिरवीगार होती. प्रत्येक झाडाला सारखीच संत्री, सारख्याच जागी, पाहुण्यांसमोर ठेवायच्या ट्रेमधल्या प्लास्टिकच्या फळांसारखी. तोडली की पुन्हा तिथंच.

"तू मले शिकवू नको. … तुह्या बागेत आत्ता काही नाही, माह्या बागेत निदान दिसाले त आहे."

पाच वाजत आले होते. अनोळखी खेळाडूचा निरोप टॅबवर लुकलुकत होता. लाल बटण आपल्या जागी होतं. रागिणीनं बोटं पदराला पुसली, शेंगांचा हिरवा डाग निघाला नाही.

"ऐक. मले एक सांगायचं आहे तुले. लय दिवसाचं. … नाही, तू मदत मागितली म्हनून नाही. … हाव, आज नाही मागितली, मान्य. पन मी आता … अं? … काय आज? … आज तोडते ताण? आत्ता? … आजच काहून? … पान मुडपलं? फोनमधलं पान मुडपलेलं तुले कसं दिसते वं, मले त चष्मा लावूनबी … बरं. बरं. दिसलं असंन. … मंग तोड ना. मले कायले सांगते? … नुसतं ऐकायले?"

रागिणी कपाळाला हात लावणार होती, पण खांद्यावरचा फोन निसटला असता.

"नारळ? … खरा नारळ? … कुठी फोडला? … ओट्यावर. धन्य आहे तुही. गॅसजवळ पानी सांडलं असंन, पुस आधी. … फोनपुढं अगरबत्तीबी लावली का? … लावली. बरं झालं, विचारलं. … घरात कोन आहे? … कोनीच नाही. … काय? … पुन्हा म्हन, आवाज कटून राह्यला."

प्रणालीनं पुन्हा सांगितलं. पहिल्या पाण्याच्या वेळी घरचं एक माणूस जवळ उभं असावं लागतं, रीत आहे. म्हणून फोन केला.

रागिणीनं मांडीवरची टोपली खाली ठेवली.

"आणि घरचं मानूस म्हनून मी? … तुह्या फाटकाच्या भाईर उभी करून? … लय मोठा मान देल्ला. … नाही, आहे. आहे म्हटलं ना मी इथंच. … स्पीकरवर ठेव मले आणि गेम उघड. एकाच फोनवर दोन कामं, त्यात तुह्या घरचं नेटवर्क. … उघडला? … मोटर लावू नको. प्रणाली, मोटरीले हात लावू नको, ऐकून राह्यली का? झारी घे, झारीचं चित्र आहे कोपऱ्यात. पहिलं पानी हलकं, एवढं मलेबी समजते. … मी सांगून नाही राह्यली, तुह्या मनानंच कर. झारीनं कर पन."

टॅबवर घंटा वाजली. जत्रा उठली. अनोळखी खेळाडूचा निरोप विझला. पहिल्या नंबरची कोणाची तरी नावं चमचमत खाली येऊ लागली, फटाके फुटू लागले. त्या आवाजात पलीकडचं ऐकू येईना, म्हणून रागिणीनं टॅब उचलून शेंगांच्या फोलपटांवर पालथा घातला आणि फोन हातात घेऊन कानाशी घट्ट धरला.

"हाव, काही नाही, इकडं फटाके वाजून राह्यले. … कोनाचे का असंनात. तू सांग. कुठवर आली? … पहिली ओळ झाली? … सावकाश. … पिवळंच आहे? … लगेच कसं दिसन, बाई, झाड आहे ते. … दुसरी ओळ घे. … कुऱ्हाड त नाही ना आली कुठी? … नाही ना. बरं. … बोलत राह्य, चूप नको होऊ. … काय? … कुठी? … कोपऱ्यातल्या झाडावर? … काय पांढरं? … केवढं? … प्रणाली, नीट पाह्य, पांढरं म्हंजे … "

टूँ, टूँ, टूँ.

"हॅलो? … हॅलो? … प्रणाली, ते पांढरं फूल आहे का नेटवर्कचं गोल फिरून राह्यलं, तेवढं सांग ना वं … हॅलो?"