वरातीची सायकल

मारोतराव : स्कूटरवरून पडला गा तू! सायकलवरून पडला असता तं मले एवढं वाईट वाटलं नसतं.

केशव : बाबा, प्लास्टर करून चार दिवस झाले. आज लग्नही लागलं. आता तरी सोडा न.

मारोतराव : कसं सोडू? माह्या बापानं पंचवीस साली ही सायकल घेतली. मोहल्ल्यातली पहिली! लोकं पाहाले यायचे, दोन चाकांवर माणूस पडत काहून नाही म्हणून. त्याच साली त्यानं माह्या मायले कॅरिअरवर बसवून उमरेडहून आणलं, पंधरा कोस. तुह्या आईले म्या आणलं. आपल्या घरी सून येते तं याच सायकलवर. अन् तू ऐन लग्नात पाय मोडून बसला!

केशव : मोटार आणली न. फुलंबी लावली.

मारोतराव : मोटारीत कोणीबी येते.

कौसल्या : मामाजी, एक बोलू?

मारोतराव : बोल वं सूनबाई. आता तू आमच्या घरची.

कौसल्या : सायकल मी चालवते. यांना मागं बसू द्या.

मारोतराव : काय? नवरी सायकल हाणते अन् नवरदेव कॅरिअरवर? सारा इतवारी मोहल्ला हासन!

कौसल्या : हसू द्या. रामदासपेठेत दवाखान्यात नर्स आहे मी. चार वर्षं रोज सायकलनंच ड्यूटीवर जाते. आधी हसायचे, आता रस्ता सोडतात.

मारोतराव : ते लेडीज सायकल. हिले मधात दांडा आहे. या शालूत टांग कशी टाकशीन?

कौसल्या : माह्या आजीचं नऊवारी लुगडं आहे पेटीत. काष्टा मारला का झालं.

केशव : बाबा, ते म्हणते तं करतेच.

मारोतराव : तू चूप राह्य, स्कूटरवाल्या! कौसल्या, लय जड आहे वं हे सायकल. वर हा धटिंगण, प्लास्टरसकट.

कौसल्या : ओढीन मी. खरं सांगू? मलेच यायचं आहे हिच्यावर. मले पाहाले आले तेव्हा यांनी ना पगार सांगितला, ना घर. या सायकलचीच गोष्ट सांगत बसले. म्हणून तं हो म्हटलं मी.

मारोतराव : असं सांगितलं यानं?

केशव : घाबरलो होतो न बाबा. दुसरं काही सुचलंच नाही.

मारोतराव : ...जा, नेसून ये. हे शीट याच्या मापाचं आहे. तवरक मी दोन बोटं खाली घेतो.