अर्धी वाटी कॉस्टिक

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळत आलो. तुम्ही जुन्या आठवणी लिहून घ्यायला मागे दोनदा आलात, तेव्हा मी तुम्हाला पुराच्या गोष्टी सांगितल्या, कंपनीतल्या सांगितल्या, चहा पाजला आणि वाटेला लावलं. आज बायको, आमची म्हातारी, देवळात गेलीय, घरात कोण नाय, तर लिहून घ्या. मी मध्ये थांबलो तर मला थांबू देऊ नका.

माझं गाव हेच, नाते गावाच्या पलीकडची ही डोंगराकडची वाडी. बापाची भातशेती चौघा भावांत वाटली, माझ्या वाट्याला एवढीशी आली की बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडायचा. मग महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, पुढे ऑपरेटर झालो, तीस वर्षं काढली. शिकलो किती, तर सातवी. पण कॉस्टिक सोडा म्हणजे काय ते मला विचारा. गोणीतून पांढऱ्या पापड्या येतात, पाण्यात टाकल्या की पाणी आपोआप तापतं, अंगावर उडालं तर कातडी जाते. आमच्यातले जुने ऑपरेटर वजनकाट्याकडे बघायचेपण नाय. बॅच पातळ दिसली की फावडंभर टाकायचे, म्हणायचे, हाताला कळतं. मीही तसाच झालो. साहेब ओरडायचे, पण बॅच उतरायची. त्याचा एक माज असतो बघा माणसाला. रिटायर झालो तेव्हा तो माज घरी घेऊन आलो, आणि थोडं कॉस्टिकपण, एका बरणीत, मोरी तुंबली तर असावं म्हणून.

माझा मुलगा मंगेश मुंबईला, लिफ्टच्या कामावर. ठाण्याजवळ दिव्याला त्याची खोली, ती म्हणजे खुराडं, म्हणून त्याची बायको सुवर्णा इथे आमच्याजवळ राहायची. लग्नाला पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाय. पोर बारावी शिकलेली, हाताला स्वस्थता नाय. मोबाईलवर बघून तिनं आधी त्या फसफसणाऱ्या गोळ्या केल्या. खायचा सोडा, लिंबूफूल, जरासं तेल आणि वास, लाडवासारखं दाबून वळायचं आणि आंघोळीच्या पाण्यात टाकायचं. शहरात म्हणे टबात टाकतात. आमच्याकडे टब कुठला, तिनं म्हातारीला घमेल्यात पाय सोडून बसवलं आणि गोळी टाकली, तर म्हातारी ओरडली, अगो बाय, माझे पाय शिजवतेस काय. वाडी जमली बघायला. पण आपल्याकडचा पाऊस, आषाढात हवेलाच पाणी सुटतं, वळून ठेवलेल्या गोळ्या दुसऱ्या दिवशी पावासारख्या फुगून तडकलेल्या असायच्या. तिनं त्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवून बघितल्या, तर गुलाबाच्या गोळीला धुराचा वास. तांदळाच्या कणगीत पुरल्या, त्या टिकल्या, पण आठवडाभर आम्ही गुलाबाचा भात खाल्ला. एवढं हसू त्या घरात आधी नव्हतं, नंतर तर नायच.

मग साबण. मोदकाच्या साच्यात, कमळाच्या साच्यात, हळदीचा पिवळा, कोकमाचा लालसर. मोदकाचा साचा बघून म्हातारीनं कपाळाला हात लावला, बाप्पाच्या नैवेद्याचा साचा साबणाला घेतेस, तर सुवर्णा म्हणाली, आत्या, हा वेगळा आणलाय, तुमचा डब्यात हाय, हात लावला नाय. खोबरेल तेल आणि कॉस्टिकचं पाणी ती ग्रॅमवर मोजायची. छोटा काटा मागवलेला, वहीत लिहायची. मी चिडवायचो, काय गो, मंगळसूत्र घडवतेस काय. ती म्हणायची, आबा, तुमचं कंपनीचं वेगळं, हे माणसाच्या अंगाला लागणार. साबण वाळला की जिभेचं टोक लावून बघायची. झिणझिणलं तर कॉस्टिक राहिलं, तो साबण बाद. असे तिनं किती बाद केले. शेजारच्या वनितावहिनीची मुलगी बाळंतपणाला आली होती, तिची तान्ही पोर सुवर्णाच्या साबणानं न्हायची, आणि वहिनी सगळ्यांना सांगायची, घरचा साबण, बाजारच्यात केमिकल असतं.

त्या पावसाळ्यात गौरी-गणपतीला बचत गटाचा स्टॉल लागायचा होता. सुवर्णाचा आधीचा घाणा मऊ राहिला, साच्यातून निघेना, मोदकाची कळी मोडायची. ती म्हणाली, दमट हवा हाय, जास्त दिवस ठेवावा लागेल. मी मनात म्हटलं, हवा कसली, कॉस्टिक कमी पडतंय, ही पोर घाबरून कमी घालते. पुढच्या घाण्याला तिनं कॉस्टिकचं पाणी करून मागच्या पडवीत निवायला ठेवलं आणि नळाला पाणी आलं म्हणून हंडे घेऊन गेली. मी माझी बरणी काढली. अर्धी वाटी टाकली. अंदाजानं. काठीनं ढवळलं आणि बरणी जागेवर ठेवली.

साबण असे उतरले म्हणून सांगू तुम्हाला, कडक, पाकळीन् पाकळी धारेची. सुवर्णा हातात घेऊन नाचली, आबा बघा, जमलं मला. मी मिशीत हसलो. म्हटलं, आता सांगून तिचा आनंद कशाला मोडा, गणपती झाल्यावर सांगू, की बाय, ती माझ्या हाताची किमया.

महिना गेला. साबण बघायचा दिवस आला तो श्रावणातला सोमवार. तिचा उपास. ती म्हणाली, आबा, आज मी तोंडात कशाला घालू, तुम्ही बघा, तुमच्याइतकं कोणाला कळतंय. मी जिभेला लावला. चुरचुरलं. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय. चुरचुरलं मला. पण माझ्या तोंडात सदा तंबाखू, चुन्यानं जीभ कायम सोललेली, मी म्हटलं चुन्याचं असेल. आणि खरं सांगू, चुन्याचं नसेल हेही तेव्हाच मनात आलं होतं. मी म्हटलं, बरा हाय, दे बिनधास्त.

तिनं पहिला साबण वनितावहिनीला नेऊन दिला, बाळासाठी, कमळाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रडणं ऐकलं. पोरीची मान, काखा, मांड्यांच्या घड्या, सगळं सोललेलं. रिक्षा करून महाडला नेली, बरेच दिवस दवाखान्यात होती. वाचली. पण मानेवर आणि काखेत डाग राहिला, कातडी ओढल्यासारखी. आता शाळेत जाते. आजोळी आली की माझ्या अंगणातून पळते, मला आजा म्हणते.

संध्याकाळी वाडी आमच्या अंगणात उभी होती. सुवर्णा वही घेऊन सगळ्यांना दाखवत होती, बघा, मी मोजून घातलंय, मोजूनच घातलंय, कुठे चुकलं मला कळत नाय. वनितावहिनी म्हणाली, तुला पोर नाय, तुला काय कळणार. म्हातारीनंपण खाली बघितलं. मग कोणीतरी मला विचारलं, तात्या, तुम्ही कंपनीतले, तुम्ही सांगा काय झालं असेल.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढा एक क्षण मला होता. आणि मी म्हटलं, मोजण्यात चुकली असेल, बायकांचं अर्धं ध्यान मोबाईलमध्ये.

सुवर्णानं वही मिटली. साबण बरा हाय असं मीच सांगितलं होतं हे तिला माहीत होतं, पण तिनं कोणासमोर माझं नाव काढलं नाय. सगळे साबण तिनं शेतात खड्डा करून पुरले. पंधरा दिवसांत मंगेश येऊन तिला दिव्याला घेऊन गेला. मंगेशसुद्धा तिला बोलला, माझ्यासमोर बोलला, आणि मी भाकरी खात होतो, खात राहिलो. गणपतीला आता तो एकटाच येतो. ती तिकडे पापडाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. साच्याला, काट्याला तिनं परत हात लावला नाय.

मागच्या वर्षी मी दिव्याला गेलो. एवढ्याचसाठी गेलो. महाडहून एसटीत बसल्यापासून वाक्य घोकत होतो, सुवर्णा, ते मी टाकलं होतं. मंगेश कामावर गेला होता. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वाकून माझे पाय धरले. रडायला लागली. म्हणाली, आबा, वाडीत तुमची मान खाली गेली माझ्यामुळे, तीस वर्षांचं नाव तुमचं, मी काय चुकले मला अजून कळत नाय, पण मला माफ करा.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, असू दे बाय. केलं माफ.

चहा प्यायलो आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

आता ती दर रविवारी फोन करते. गुडघ्याचं विचारते, म्हातारीच्या गोळ्यांचं विचारते. वाक्य माझ्या तोंडात तयार असतं. फोन ठेवताना ती हळूच विचारते, आबा, माझ्यावर राग नाय ना आता. आणि मी म्हणतो, नाय गो, सुखी राहा.