दोरावरची जागा

भिकाजी : दवाखान्यात नवाचो नंबर आसा तर आसांदे. आधी माका सांग, सृष्टी आज घरात कित्या?

कौस्तुभ : बाबा, धोंडू रिक्षा चालू ठेवन उभो आसा. वाटेत सांगतंय. चला.

भिकाजी : सोमवारी नि गुरुवारी तू माका डायलिसिसाक घेवन जातंस आणि तुझी बायल तुझ्या जागेर रिसॉर्टात जाता. आज गुरुवार. नि ती भाकऱ्यो थापीत बसली हा.

कौस्तुभ : तिका बरा नाय.

भिकाजी : तिका बरा आसा. मगाशी माका अर्धो कप चाय आणून दिल्यान, डोळे लाल होते.

धोंडू : काका, बसा ओ. गेल्या खेपेक उशीर झालो तर ती नर्स तुमका सोडून माकाच वरडली. परत उशीर झालो तर नंबर दुसऱ्याक देतली म्हणता.

भिकाजी : देवंदे. एखाद्याचा भला होयत.

कौस्तुभ : तुमचे पाय बघा किती सुजलेत. चार पावला चाललास तर धाप लागता. हट्ट कसलो करतास?

भिकाजी : पाय माझे आसत. तू बोल.

कौस्तुभ : माका काढल्यानी. मंगळवारी.

(रिक्षाचं इंजिन बंद होतं.)

धोंडू : बंद केलंय. तुमी बोला.

भिकाजी : कामात काय कमी पडला?

कौस्तुभ : कामात नाय. सृष्टीन खोल्ये झाडल्यान, चादरी बदलल्यान, माझ्यापेक्षा बरा केल्यान. पण थंय हजेरेक मशीनीर अंगठो लावचो लागता. तिचो अंगठो थंय नाय. मॅनेजर माका काय म्हणालो म्हायत आसा? "तुमच्या जागी कोण येऊन गेलं, त्याच्याशी आमचा संबंध नाही. या महिन्यात तुमचे आठ खाडे आहेत. घरी दुखणं आहे हे मान्य, पण सीझन तोंडावर आलाय."

भिकाजी : आठ दिवस तिच्याकडसून काम करून घेतल्यानी, तेव्हा गप कशे रवले?

कौस्तुभ : गप रवले. माका वाटला, चालता.

भिकाजी : तुका खंय वाटला? मी तुका सांगलंय. चाळीस वर्षां ह्या किनाऱ्यार रापणीचा जाळा वढलंय. एकाक जमला नाय तर त्याच्या घरातला दुसरा येवन दोर धरता. दोराक हात लागले म्हणजे झाला.

धोंडू : त्यात खोटा काय? माझो बापूस पडान होतो तेव्हा माझी आवस दोर वढी.

भिकाजी : तुझ्या आवशीची नोकरी गेली नाय, धोंडू. ह्याची गेली. माझ्या दुखण्यान आणि वर माझ्या शहाणपणान. जा, रिक्षा घेवन जा. मी येवचंय नाय.

कौस्तुभ : बाबा.

भिकाजी : झीलाच्या पोटार पाय देवन माका जगूचा नाय.

कौस्तुभ : माका भ्या वाटता, बाबा. नोकरी गेली तेव्हा वाटला नाय इतका आता वाटता. आज नाय गेल्यात तर सोमवारपर्यंत काय होयत, तां डॉक्टरान माका एकट्याक बोलवन सांगलेला आसा. तां माका तुमच्या तोंडार बोलूक लावू नकात.

(भिकाजी रिक्षाचा दांडा धरून उभा राहतो, चढत नाही.)

कौस्तुभ : दोन वर्षां तुमी दोराक हात लावक नाय. तरी रापण वढली की तुमच्या वाट्याचे मासे दारात येतत मां?

भिकाजी : तो रिवाज आसा. दुखणेकऱ्याचो वाटो काढून ठेवतत.

कौस्तुभ : तुमी कधी परत धाडल्यात?

भिकाजी : कित्या धाडू? मी पण आयुष्यभर दुसऱ्यांचे वाटे काढले.

कौस्तुभ : मग माझ्याकडसून घेवक कसली लाज? मी परको?

धोंडू : आठ वाजान गेले, काका.

भिकाजी : हात दी रे. पाय वर येणा नाय.

कौस्तुभ : हळू. माझ्या खांद्यार भार घाला. टेकून बसा.

भिकाजी : चालू कर, धोंडू. नि उद्या रापण घालतत काय?

धोंडू : घालतत. तारली दिसली म्हणतत. जाळा भायर इल्यार खरा काय तां कळात.

भिकाजी : कौस्तुभ, उद्या माझ्या जागेर तू जा.

कौस्तुभ : रापणीर आता घर चलता, बाबा?

भिकाजी : तां माका म्हायत नाय. दुसरी नोकरी मिळापर्यंत दोर तरी धर.

कौस्तुभ : आणि सोमवारी? सोमवारी तुमका परत न्हेवचा आसा.

भिकाजी : सोमवारी तुझ्या जागेर दोरार सृष्टी जायत. थंय कोण खाडो मांडणत नाय.